निवडलेल्या अर्ध्याचा नमुना

भैय्याजींनी लाल कापडाचा वीतभर तुकडा टेबलावर आपटला. त्यावर जागोजाग पांढरे ठिपके होते. उज्वलाने भिंग न लावताच ओळखलं, हा खताच्या पिशवीचा धागा. प्लास्टिक रंग घेत नाही. सूत होईपर्यंत ते कापसात दडून बसतं आणि कापड रंगवलं की उघडं पडतं.

समुद्रपूरजवळच्या भैय्याजींच्या या जिनिंग कारखान्यात ती रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तपासायची. आपला हाताने वेचलेला कापूस कुणापेक्षा कमी नाही, ऑस्ट्रेलियाच्या कापसाला भाव मिळतो तो स्वच्छतेचा, हे तिनेच २००३ साली भैय्याजींना पटवलं होतं. त्यांनी कचरा निवडायला चाळीस बाया बसवल्या आणि पुढच्याच हंगामात माल बांगलादेशला जाऊ लागला.

"काऊन हो कुंताबाई," भैय्याजी दारात उभ्या असलेल्या बायांच्या मुकादमिणीवर ओरडले, "कापूस निवडत होत्या का डोळ्यात घालून बसल्या होत्या? अख्खा कंटेनर वापस येऊन राह्यला!"

"चुकलं भैय्याजी." कुंताबाईंनी पदर सावरला. "संक्रांतीचं वाण लुटाले ढीग अर्धा टाकून आमीच गेलतो."

"मग आता घरीच लुटा वाण. उद्यापासून दुसऱ्या बाया येतील."

त्या गेल्या. बायांना सुट्टी उज्वलानेच दिली होती. उरलेला ढीग सकाळी निवडायचा ठरलं होतं. पण संध्याकाळी माल परदेशी पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटाचा फोन आला, माल उद्याच हवा. तिने न निवडलेला कापूसही यंत्रात घालायला लावला, निवडलेल्या अर्ध्याचा नमुना तपासला आणि सगळ्या गाठी स्वच्छ असल्याच्या दाखल्यावर सही केली. एवढ्या मालात दोन-चार धागे कुणाला दिसणार, असं तिला वाटलं होतं. विज्ञान शिकलेल्या तिला.

"भैय्याजी, चूक माझी आहे," ती म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

भैय्याजींनी उठून दार लोटलं. "मॅडम, हे बोललात ते बोललात. तुमच्या सहीवर आणखी चार कंटेनर बंदरात उभे आहेत. बाया बदलता येतात, सही कुठून आणू?"

ती बाहेर धावली. फाटकाशी कुंताबाई आपला डबा पिशवीत कोंबत होत्या. उज्वलाचा चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, "तुमी कायले रडता मॅडम? तुमी तं आमाले सुट्टी देल्ली."

उज्वलाने त्यांनाही सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सांगून झाल्यावर थोडं हलकं वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

कुंताबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "हे मले सांगून का होते? माह्यावर चाळीस घरच्या चुली आहेत. जिथं सांगाचं तिथं सांगा ना."

उज्वला परत आली तेव्हा भैय्याजी फोनवर एजंटाला समजावत होते, "हाँ हाँ, निकाल दिया सब को. अब शिकायत नहीं आएगी."

"फोन ठेवू नका, मला सांगायचंय," उज्वला म्हणाली आणि रिसीव्हरसाठी हात पुढे केला. भैय्याजींनी रिसीव्हर छातीशी धरला. तिने हात मागे घेतला नाही.