शिवकन्याचा डावा हात

मित्रांनो, माझ्या अंगावरचे रबरी दाणे आता झिजले आहेत आणि भरलेली हवा दोन दिवसही टिकत नाही. तरी मी बास्केटबॉलच आहे. सिरसाळ्याच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात पडून असतो.

जालंधरच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो आणि १९९३ साली एसटीच्या टपावरून या गावात आलो. खेळाचे शिक्षक बिभीषण सर यांनी मला खांद्याच्या उंचीवरून सोडून पाहिलं. मी बरोबर त्यांच्या कमरेपर्यंत उसळलो. "लई बेस!" सर म्हणाले. त्यांनी मला तपासलं, तशी मलाही प्रत्येक हात तपासायची खोड लागली. कोणता हात मला आपलं मानतो आणि कोणता टाळतो, हे मला पहिल्या टप्प्यात कळायचं.

शिवकन्या नववीत होती. तिचे वडील कल्याणराव यांचं बाजारपेठेत किराणा दुकान होतं. तिचा उजवा हात पाण्यासारखा चालायचा. डावा मात्र माझ्याजवळ यायचा आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे जायचा.

"शिवे, डाव्या हाताला मेंदी लावलीस का गं?" तिच्याबरोबर खेळणारी तेजश्री ओरडायची. "का नवस बोललीस?"

शिवकन्या उजव्या हातानेच मला पुढे न्यायची. तेजश्रीला वाटायचं, ही मुद्दाम अंग चोरते. सरांना संशय होता की मनगट दुखावलंय आणि पोरगी लपवते. मला वाटायचं, हिला माझी किळस येते. संशय तिघांना होता, पण तिला सरळ कोणीच विचारलं नाही.

बीडला जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणार होते. सरांनी मला तिच्या पिशवीत घातलं. "पंधरा दिवस घरी ने. रोज डाव्या हातानं शंभर टप्पे. तिथल्या पोरी एका मिनिटात वळखतील की तू डावीकडं जातच न्हाईस. उजवीकडून अडवलं की तुझं नाव कटलं." शिवकन्याचं तोंड उतरलं. त्या संघात जायचं तिने दोन वर्षं मनात धरलं होतं.

तिच्या घरी मी डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. ती मागच्या अंगणात शंभर टप्पे मोजायची, पण उजव्या हाताने! डावा पाठीमागे. एकदा मी उसळून तिच्या डाव्या हाताला लागलो, तर तिने तो हात साबणाने तीनदा धुतला. झालं, माझी खात्रीच पटली.

मग ती आंघोळ करून आली, कपाळाला भस्म लावलं आणि पूजेला बसली. लिंगायत घरातल्या रीतीप्रमाणे गळ्यात बांधलेलं छोटं शिवलिंग, म्हणजे इष्टलिंग, तिने डाव्या तळहातावर घेतलं. वीस मिनिटं तो हात तसूभरही हलला नाही. मी चक्रावलो. एवढ्या स्थिर हाताला दुबळा कसं म्हणायचं?

चौथ्या दिवशी कल्याणराव दुकानातून जेवायला आले आणि अंगणातच थांबले.

"सरांनी डाव्यानं सांगितलं ना? मग उजव्यानं कावून?"

"अप्पा, त्या हातावर लिंग घेते मी. आन् ह्याला साऱ्या शाळेची धूळ. परवा तर गटारीत गेलता."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मलाच वाटलं."

कल्याणरावांनी आपला डावा हात पुढे केला. तो मिरचीच्या भुकटीने लाल झाला होता. "ह्याच हातानं मी मिरची, रॉकेल, गूळ, समदं उचलतो. सकाळी आंघोळ करून ह्याच हातावर लिंग घेतो. घरात पाणी कशाला भरून ठेवलंय? खेळ बिनधास्त."

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिने सरांसमोर डावा हात माझ्यावर टेकवला आणि फाडकन थाप मारली. मी वाकडा पळालो.

"तळवा कावून मारतीस? बोटं पसर, पेरांनी ढकल. तळव्याला चेंडू लागायचं कारणच न्हाई," सर म्हणाले.

पहिल्या दिवशी सलग सात टप्पे झाले. तीन दिवसांनी एकोणीस. नंतर ती माझ्याकडे न बघता, समोरच्या लिंबाची पानं मोजत टप्पे घेऊ लागली. "आता माझा नंबर गेला," असं म्हणत तेजश्रीच तिला आडवी उभी राहून सराव देऊ लागली.

निवडीच्या खेळासाठी प्रत्येक शाळेने आपला चेंडू आणायचा होता, म्हणून मीही बीडला गेलो. एक उंच मुलगी शिवकन्याच्या उजव्या खांद्याला चिकटून उभी राहिली. शिवकन्या डावीकडे वळली, मी तिच्याच पायाच्या अंगठ्यावर आपटून बाहेर गेलो. आता ही पुन्हा उजवीकडेच जाणार, मला शंका आली. पण पुढच्या वेळी मी हातात येताच ती परत डावीकडेच गेली. तीन टप्पे, एक उडी, आणि डाव्या हाताने तिने मला वर सोडलं. मी कड्यावर दोनदा फिरलो आणि आत पडलो.

संध्याकाळी बारा नावं वाचली. अकरावं तिचं होतं.

मित्रांनो, मला उन्हात टाकून देऊ नका, अधूनमधून हवा भरा आणि दोन्ही हातांनी खेळा. आणखी एक मागणं आहे. कोणी तुमच्यापासून हात राखून वागत असेल, तर मनातल्या मनात खटला चालवू नका, त्याला विचारा. मला ते जमलं नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.