सालीवरच्या पाच माश्या

झाडांच्या सालीवर बसलेल्या बारक्या माश्यांचे फोटो लोक मला पाठवतात. पोलंडमधून येतात, बल्गेरियातून येतात, आणि चुलीवरची कॉफी उकळेपर्यंत मी नाव सांगून मोकळी होते. गर्व करत नाही म्हणणं खोटं, चांगला करते. मारिबोर शहरात औषधांच्या दुकानात पस्तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचली. त्यापुढे माशी म्हणजे छापील मजकूर.

माझा धाकटा भाऊ लुदविक वर पोहोर्येच्या डोंगरात राहतो. त्याची स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांची, नव्वद उंच झाडं आहेत, आणि त्यांतूनच लेकीच्या, नेझाच्या, नव्या घराचं छप्पर निघायचं होतं. जूनमध्ये त्यानं मला चिडवायला एका खोडाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, तुझे पाहुणे आलेत. कॉफी टाकू?"

फोटो मोठा करून पाहिला. तिळाएवढ्या पाच माश्या, पाचही डोकं वर करून खोडावर उभ्या. मेदेतेरा! ही माशी कुठल्याही झाडावर ऊन खात बसते, त्यात नवल नाही. पण यातल्या दोघींनी शेपटाचं टोक सालीच्या फटीत खुपसलं होतं. त्या अंडी घालत होत्या. आणि ही बया अंडी घालते तिथेच, जिथे सालीखाली तिच्या पोरांना खायला झाड पोखरून मारणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात.

मी लगेच फोन लावला. "लुदविक, ते झाड पाड. याच आठवड्यात."

"वेड लागलंय का तुला? कालच वनखात्याचा माणूस बघून गेला. भुसा नाही, डिंक नाही, शेंडा हिरवागार."

"परवा गारा पडल्या ना तुमच्याकडे? भुसा धुऊन गेला असेल."

"तो जंगलाचं शिकलाय, ताई. तू माश्यांशी गप्पा मारतेस."

मागून त्याच्या बायकोचा, मार्येताचा, आवाज आला. "वन्सं, तुम्ही याच! हे काही ऐकायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेले. त्याच्याच हातातली कुऱ्हाड घेतली आणि तळहाताएवढी साल उडवली. खाली नुसते बोगदे, आणि बोगद्यांत पांढऱ्या अळ्या. भुंगेरे अजून उडून दुसऱ्या झाडांवर गेले नव्हते. लुदविकचा चेहरा उतरला.

शेजारच्या दोन झाडांवरही माश्यांची तशीच गर्दी होती, आणि सालीखाली तेच निघालं. मग मात्र त्यानं हायच खाल्ली. तिन्ही झाडं पाडून करवत घेऊन सरळ पुढे निघाला. "आता ही सगळी ओळच काढतो. एक राहिलं तरी नव्वदच्या नव्वद जातील."

"उन्हाळ्यात पाडलेलं रसाळ लाकूड वाशांना चालत नाही. ओळ काढलीस तर नेझाच्या डोक्यावर काय घालशील? ताडपत्री?"

चौथ्या झाडाला मी भिंग लावून प्रदक्षिणा घातली. एक माशी होती.

"बसलीय ना?" लुदविक ओरडला. "ही बघ, बसलीय!"

"एकटी आहे. शेपूट बाहेर आहे. ऊन खातेय. ठेव ते झाड."

"आणि चुकलीस तर?"

माझ्या एका शब्दावर पोरीचं छप्पर होतं. पण माशी पुन्हा पाहिली, तरी ती तेच सांगत होती.

"चुकले तर माझं घर विकून छप्पर घालीन. करवत बंद कर."

चाळीस वर्षं या रानात कुठलं झाड पडणार ते तो एकटा ठरवत आला होता. शेवटी त्यानं करवत बंद केली. पाडलेल्या खोडांची साल आम्ही तिघांनी त्याच दिवशी सोलून जाळली. माझ्या माश्यांची पोरंही त्यात गेली, त्याचं वाईट वाटलं.

उन्हाळाभर मी दर रविवारी रानात फेरी मारली. एकही झाड सुकलं नाही. हिवाळ्यात छपराचं लाकूड तोडलं, वसंतात नेझाच्या घराचे वासे चढले, आणि सुतारांना जेवण घालायचा दिवस आला. त्या दिवशी आढ्यावर स्प्रूसची फांदी बांधतात. ती घरच्या कर्त्यानं बांधायची. लुदविकनं सगळ्यांसमोर फांदी माझ्या हातात दिली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"चढ, ताई," तो म्हणाला. "आणि वर एखादी माशी दिसली, तर आजच्या दिवस गप्प बस."