आठवा नग

आधी मला भिंतीला नीट टेकवा, मग बोलते. हां, अशी. मी काठी. शिसवाची, पितळी टोपीची. वय घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त आणि अक्कल सगळ्यांपेक्षा कमी. आज मला एक गुन्हा कबूल करायचाय. तीन वर्षं झाली, तो दुसऱ्याच्याच डोक्यावर बसलाय.

माझा जन्म रत्नागिरीकडचा. एका सुताराने मला घडवलं आणि मुठीला सिंहाचं तोंड कोरलं. म्हणजे, सिंह असं तो म्हणाला. बिचाऱ्याने जन्मात सिंह पाहिला नव्हता. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मला घेतलं आणि पहिल्याच दिवशी पोरं ओरडली, "मास्तरांनी कुत्रा आणला!" तेव्हापासून मी भांडतेय. सिंह आहे मी, सिंह!

माझं शिक्षण चौथीपर्यंत, कारण शाळाच तेवढी. अपूर्णांक आले आणि शाळा संपली. बाकीचं सगळं मी खोड्यांत शिकले. मास्तरांचा डोळा लागला की भिंतीवरून घसरायचं. खण्ण! अख्खा वर्ग दचकायचा, मास्तर "कोण रे तो?" म्हणून भलत्याच पोराचा कान धरायचे. काठीला दुसरी करमणूक ती काय असते हो?

मास्तर अल्लाघरी गेले आणि त्यांच्या मुलाने, खैरुद्दीनने, मला दुबईशेजारच्या अजमानला आणलं. हा दुबईतल्या अल क्वोज भागातल्या एका गोदामात चाळीस वर्षं स्टोअरकीपर. माल आला, मोज नग. माल गेला, मोज नग. घरी येऊनही तेच. गावी जाताना दोरीने बांधलेले खोके विमानतळावर चार-चारदा मोजायचा. एकदा मोजायला विसरला आणि बायकोच्या शिलाई मशीनचा खोका मुंबईतच राहिला, तेव्हापासून तर वेडच लागलं त्याला. दुसरं वेड पासपोर्टचं. पहिली दहा वर्षं त्याचा पासपोर्ट शेठच्या कपाटात होता. हातात आला तो त्याने पोटाला बांधला. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट त्या एका पट्ट्यात. झोपतानासुद्धा.

त्याची बायको खैरुन्निसा. तिच्या बापाने, तो बोटीवरचा खलाशी, कुठल्याशा बंदरातून एक कॅलेंडर आणलं होतं. त्यावर स्पेनमधल्या एका जुन्या राजवाड्याचं चित्र. संगमरवरी चौक, मधोमध कारंजं आणि कारंज्याखाली दगडाचे सिंह. बाप सांगायचा, सिंह बारा आहेत. चित्रात दिसायचे नऊच. लहानपणी ही पोरगी कॅलेंडर उलटून मागे बघायची, बाकीचे तीन तिकडे असतील म्हणून! पुढे कॅलेंडर फाटलं, बाप गेला, पण मागचे तीन सिंह तिच्या डोक्यातून हलले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मुलगा मुझम्मिल म्हणाला, "अम्मी, यंदा युरोप. तुझे सिंहसुद्धा दाखवतो." सून यम्नाला रजा मिळाली नाही. मग निघालो आम्ही पाच जण, दोघं म्हातारे, मुझम्मिल, त्याची मुलगी झारा आणि मी.

काय सांगू मजा! पॅरिसला सगळे लोखंडी मनोऱ्याकडे पाठ करून उभे राहत आणि आपलेच फोटो काढत. रोममध्ये खैरुद्दीनने पाण्याची बाटली घेतली, "तीन युरो, म्हणजे बारा दिरहॅम, म्हणजे तीनशे रुपये! एवढ्यात गावाला विहीर खणून होईल!" आणि पिसाचा तो मनोरा बघून मला तर गहिवरूनच आलं. तोही माझ्यासारखाच, टेकायला भिंत शोधणारा. मी जागोजागी घसरत होते, खण्ण करत होते. लोक दचकत होते, झारा आजोबांना म्हणत होती, "दादा, युअर डॉग फेल अगेन!"

खैरुन्निसा मात्र प्रत्येक ठिकाणी एकच विचारायची, "सिंह कधी?"

सिंह शेवटच्या दिवशी. ग्रॅनाडाचा अल्हाम्ब्रा, तोच कॅलेंडरवरचा राजवाडा. आतल्या महालांत जायची वेळ तिकिटावर छापलेली, चार ते साडेचार. नंतर गेलात तर खलास. दाराशी पासपोर्ट बघतात, तिकिटावरच्या नावाशी ताडून.

आम्ही तासभर आधी पोचलो. उताराच्या खाली एका कॉफीच्या दुकानात बसलो. निघताना खैरुद्दीनने झाराचा हात धरला आणि मला विसरला. मी कोपऱ्यात होते, छत्र्यांच्या डब्यात. एरवी मी घसरले असते, आवाज झाला असता, तो "अरे, माझी काठी" म्हणून वळला असता. पण त्या दिवशी मला एक नवी खोडी सुचली. म्हटलं, आज पडायचंच नाही. बघू म्हातारा कधी मोजतो!

तेवढंच केलं मी. पडले नाही. माझा गुन्हा तो एवढाच.

म्हाताऱ्याने रांगेत पोचल्यावर मोजलं. हे मला मागाहून कळलं, झारा यम्नाला सांगत होती तेव्हा. पिशव्या दोन, पाण्याची एक, कॅमेरा, शाल, छत्री, औषधांचा डबा. "नग सात! आठवा कुठाय?"

"अवो, ऱ्हाऊ दे ती काठी," खैरुन्निसा म्हणाली. "येताना घेऊ."

"बाबांची काठी आहे ती. पाच मिनिटं. यल्ला, आलोच!"

"अब्बा, पासपोर्ट तरी..." मुझम्मिल ओरडला. पण म्हातारा उतारावरून निघाला होता, पोटाला चारही पासपोर्ट बांधून. फोन बंद, रोमिंगचे पैसे लागतात म्हणून.

दुकानात त्याने टेबलांखाली वाकून पाहिलं, वेटरला हाताने काठीचा आकार करून दाखवला. मी छत्र्यांमध्ये श्वास रोखून मनातल्या मनात हसत होते. मग त्याने घड्याळ बघितलं. त्याचा चेहरा मी पाहिला आणि घसरले. पण डब्यातून घसरून घसरून कुठे जाणार? आवाजसुद्धा झाला नाही.

मी सापडले तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. परत जायचं म्हणजे चढ, आणि गुडघा दुखरा. तीन पावलं टाकायची, थांबायचं. त्याचा सगळा भार माझ्यावर होता आणि त्या दिवशी मला कळलं, माणूस किती जड असतो.

दाराशी पोचलो तेव्हा चार सदतीस. दारावरच्या माणसाने मनगटावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मुझम्मिलने विनवलं, झारा रडली. उद्याची तिकिटं नव्हती, आणि सकाळी आमचं विमान.

खैरुन्निसा आतून बाहेर पडणाऱ्या लोकांकडे बघत राहिली. पुढे बसमध्ये बसल्यावर तिने मला नवऱ्याच्या हातातून घेतलं, मांडीवर आडवं ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "झाले ना नग पुरे?"

दुबईला उतरलो. पट्ट्यावरून बॅगा आल्या. खैरुद्दीन त्या ढकलगाडीवर ठेवत गेला आणि तसाच बाहेर पडला. मोजल्या नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतरही कधी मोजल्या नाहीत. मुलगा चिडला की म्हणायचा, "अब्बांच्या काठीपायी अम्मीचे सिंह गेले," आणि तो मान खाली घालायचा. मला ओरडावंसं वाटायचं, अरे, त्याला काय बोलता? मला बोला! पण काठीचं कोण ऐकतो? खोड्या मी तेव्हापासून सोडल्यात. आता घसरते ती टोकाला लावलेलं रबर झिजलंय म्हणून.

पुढे खैरुन्निसाचे गुडघे पार गेले. आता मी तिच्या हातात असते. ती कधीतरी माझ्या मुठीवरून अंगठा फिरवते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या महिन्यात झारा कॉलेजच्या सहलीबरोबर तिकडे गेली. दुपारी व्हिडिओ कॉल आला. "दादी, लुक! आय ॲम इनसाइड!"

चौक दिसला. कारंजं दिसलं. खैरुन्निसाने चष्मा पुसला आणि फोनवर बोट ठेवून मोजायला लागली. नऊ झाले. "मागं जा गो, मागं!" झारा मागे फिरली. "दहा... अकरा..." आणि चित्र थिजलं. झाराच्या फोनची बॅटरी संपली.

खैरुन्निसा तशीच बघत बसली, बोट काचेवर. मग खैरुद्दीन उठला. सोफ्याला टेकलेली मी, मला उचललं, मूठ तिच्या तोंडासमोर धरली आणि तीन वर्षांनी म्हाताऱ्याच्या तोंडून आकडा बाहेर पडला.

"बारा."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. डावीकडून, उजवीकडून. मग म्हणाली, "हा? हा तर कुत्रा!" आणि पदराने डोळे पुसत हसत सुटली. तोही हसला.

बाबांनो, साठ-पासष्ट वर्षं मी या शब्दावरून भांडलेय. त्या दिवशी गप्प राहिले. कुत्रा तर कुत्रा. निदान आता तिच्या पायाशी राखण करीन.

तुम्ही एक करा. कधी तिकडे गेलात तर कारंज्याच्या मागे जा आणि बारावा नीट बघून घ्या. आणि निघताना काठी मोजायला विसरू नका. ती पडली नाही, म्हणजे ती आहेच असं समजू नका.