साहेबांनी काडी का ओढली नाही?

कोसाडच्या वसाहतीमागच्या डबक्यात पाण्यावर ज्योत पेटली आणि अर्धी सुरत नारळ घेऊन धावली. नव्व्याण्णव सालची गोष्ट. शिकलीसवरली माणसंही चपला काढून उभी होती, याचाच मला जास्त राग आला.

"तेल नाही, वात नाही, पाण्यात जळते ती माझी माय!" पोपट महाराज गर्जत. हे महाराज उन्हाळ्यापर्यंत चलथाणला रसवंती चालवायचे. रोज रात्री ते ज्योतीवर ओलं गोणपाट टाकून देवीला झोपवत आणि पहाटे कापूर लावून उठवत.

मग गॅस कंपनीने सिमेंट दिलं. डबक्याच्या मधोमध चार भिंती, वर स्लॅब, घट्ट दार असं देऊळ उभं राहिलं. रात्री शेजारती करून ज्योत झोपवायची, दार लावायचं आणि पहाटे पहिली काकडआरती. तिचा मान शेजारच्या खान्देशी मीराबाईंना.

"मीराबाई, जाऊ नका," प्रज्ञा विनवत होती. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"चूप बस वं! कानबाई शे ती. देवी कोनले मारस का?"

उद्घाटनाला कंपनीचे साहेब हार घालून बसले होते. प्रज्ञाने बुडाला भोक पाडलेला तेलाचा डबा आणला आणि भिंतीबाहेर जिथे बुडबुडे येत होते, तिथे उपडा ठेवला. थोडं थांबून लांब काठीच्या पलित्याने भोकाला आग लावली. धडाम! डबा थेट मंडपावर.

"देवी कोपली!" महाराज ओरडले.

"देवी नाही, गॅस! खाली कंपनीची पाइपलाइन फुटलीय. उघड्यावर गॅस उडून जातो. बंद देवळात तो रात्रभर साठेल आणि पहाटे मीराबाई काडी ओढतील."

साहेब हसले. "मामुली लिकेज आहे. घाबरू नका."

मीराबाईंनी काडेपेटी त्यांच्यापुढे धरली. "मंग साहेब, सकायनी पहिली आरती तुम्हीच करा."

साहेब पांढरेफटक पडले. आधी त्यांना बाहेरगावी जायचं आठवलं, मग सर्दी झाली. काडेपेटीला हात काही लावेनात. जमलेल्या वसाहतीतल्या बायका काय ते समजल्या. महाराज तोवर पसार झाले होते.

"आम्ही रॉकेलना रांगमा मरतस, नि तुम्ही गॅस हवामा सोडतस?" मीराबाई कडाडल्या. "वर सिमेंट देईसन देवी बनावतस?"

गळती कंपनीला ठाऊक होती. दुरुस्तीपेक्षा देऊळ स्वस्त पडलं होतं. बायकांनी साहेबांची जीप अडवली. संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद झाला आणि देवी विझली. तरी बायका हलल्या नाहीत. नवी पाइपलाइन बसेपर्यंत रोज पाळीने तिथे बसल्या, हसत-खिदळत, साहेबांच्या सर्दीची चौकशी करत.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जरूर जोडा, पण आधी विचारा: हे जळतंय कुणाचं, आणि त्याला हे किती दिवस माहीत होतं?