बिनकोटाची फळी

शाहूपुरीतल्या धनपालशेठच्या लाकडाच्या वखारीत ज्ञानू सुतारानं पस्तीस वर्षं रंधा मारला, पण लाकडाला औषध पाजतात हे त्याला २००७ साली कळलं. ही करामत मालकाच्या पोराची, जिनेशची. पुण्याला शिकून तो कसल्याशा कंपनीची एजन्सी घेऊन आला होता. औषध नॅनोचं. म्हणजे काय, तर केसाचे लाख उभे भाग करायचे, त्यातल्या एका भागाएवढे बारीक कण पाण्यात कालवायचे आणि लाकडात मुरवायचे. मग म्हणे बांधावरची निलगिरीसुद्धा सागवानासारखी टिकते. साग तोडायला नको, जंगल वाचलं.

"आणि ज्ञानूकाका, तुम्हीपण सुटलासा," जिनेश म्हणाला. "ह्ये जमलं की सागवान बंद. निलगिरीची दारं कसबा बावड्याच्या शेडात मशीनवर होतील. तुम्ही आता आराम करायचा."

ज्ञानूच्या अंगाचा तिळपापड झाला. आराम म्हणे. घरात बसून सुनेचा चहा कधी येतोय ह्याची वाट बघायची, ह्याला आराम म्हणतात होय? वखारीतला बाक गेला तर ह्या गावात ज्ञानूला विचारणार कोण? धनपालशेठ भाव सांगायचा, पण गिऱ्हाईक बघायचं ज्ञानूच्या तोंडाकडं. त्यानं मान हलवली की माल उचलायचा, नाही हलवली की गपगुमान परत जायचं. असल्या माणसाला आता केसाचा लाखावा भाग घरी बसवणार होता.

कंपनीचा पृथ्वीराज साहेब आला तो भर एप्रिलात टाय लावून. निलगिरीच्या दोन फळ्या त्यानं मागितल्या, रंधून, पण तेलाचा थेंब न लावता. ज्ञानूनं "बरं" म्हटलं. साहेबानं एका फळीला औषध पाजलं, दोन्हींवर खडूनं 'एक' आणि 'दोन' असे आकडे घातले, आणि फळ्या पाण्याच्या पिंपात बुडवल्या. तीन दिवसांनी, रविवारी, पंचवीस कंत्राटदार वखारीत खुर्च्यांवर बसून पोहे खात होते.

साहेबानं फळ्या काढल्या. खडू धुऊन गेला होता. केसाचे लाख भाग मोजणाऱ्या शहाण्याला खडू पाण्यात टिकत नाही एवढं कळलं नव्हतं. एक फळी स्वच्छ होती, दुसरीवरच्या पांढऱ्या पापुद्र्याची सालपटं निघत होती. साहेबानं स्वच्छ फळी ऐटीत वर धरली.

"हा आमचा नॅनो कोट! आणि ही बिनकोटाची, बघा, कशी सोलवटलीय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्या लोकांना काय, पोह्यांवर लिंबू पिळलेलं असलं की ते कशालाही टाळ्या वाजवतात.

"सायेब," ज्ञानू बाकावरनं म्हणाला, "जिला काय लावलंच न्हाय, तिची सालपटं कशाची निघाली वो?"

आधी कुणाला उमगेना. मग बाळासो कंत्राटदाराला पोह्यांचा ठसका लागला आणि सगळी वखार हसायला लागली. जिनेशचं तोंड एवढंसं झालं. ज्ञानूला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण साहेब अगदीच बिनडोक नव्हता. त्यानं सोलवटलेली फळी नाकाला लावली. "हिला तेल लागलंय. तेलावर आमचं औषध मुरतच नाही."

"ज्ञानू," धनपालशेठनं विचारलं, "तेल लावलंतंस?"

तेव्हा कुठं ज्ञानूला आठवलं. रंधा झाला की बाकाखालचं जवसाच्या तेलाचं फडकं फळीवरनं फिरवायचं, ही त्याच्या हाताची खोड. साहेबानं सांगितलेलं कानानं ऐकलं, हाताला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आता नुसतं "न्हाय" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पंचवीसच्या पंचवीस जणांनी त्याचंच खरं मानलं असतं. ज्ञानूनं तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच.

"लावलंतं की," तो म्हणाला. "दोन्हीला. चूक माझी हाय."

असं बोलल्याबद्दल त्यानं आठवडाभर स्वतःला शिव्या घातल्या. साहेबानं पुन्हा मागितलेल्या नव्या फळ्या रंधताना तेलाचं फडकं मालकाच्या कपाटात कोंडलं. आकडे मात्र त्यानंच पटाशीनं कोरले. साहेबाच्या खडूवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

पुढच्या रविवारी तीच माणसं, तेच पोहे. बिनकोटाची फळी फुगून वाकडी झाली होती. दुसरीवरनं पाणी निथळून गेलं आणि ती कोरडी ठणठणीत राहिली. साहेब सर्टिफिकिटं दाखवत बोलत सुटला, जंगलं, टक्के, परदेश. कुणीही ऐकत नव्हतं. सगळे ज्ञानूच्या तोंडाकडं बघत होते.

"ज्ञानूदा," बाळासो म्हणाला, "सायबाचं ऱ्हाऊ द्या. तुम्ही सांगा."

ज्ञानूनं फळी मांडीवर घेतली. अंगठा फिरवला, पटाशीनं टोक उकरून आत पाणी शिरलंय का बघितलं. सासूनं नवीन सुनेच्या भाकरीत खोट शोधावी तशी शोधली. खोट नव्हती. त्या फळीचा त्याला मनापासून राग आला.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "दारं करा ह्याची."

खुर्च्या सरकल्या. माणसं जिनेशच्या टेबलाभोवती गोळा झाली, आणि दारं कुठनं उचलायची म्हणून बाळासोनं साहेबाला विचारलं. साहेब पुण्याचा, त्याला बावड्याच्या शेडाचा रस्ता ठाऊक नव्हता. तो ज्ञानूनंच सांगितला.