शेवटी जाण्याचा मान

ओनुफ्री स्तेत्स्कीला आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपण हुकूम द्यावा आणि समोरच्याने अवाक्षर न काढता तो पाळावा. बढती नको, पदक नको. स्पेनच्या डोंगरात डाव्या हाताची दोन बोटं ठेवून आलेल्या हवालदाराने याहून कमी काय मागावं? पण फ्रेंच सम्राटाच्या गार्डात, म्हणजे त्याच्या खास फौजेत, लिथुआनियाच्या खानदानी लोकांचं हे जे नवं भालाईत घोडदळ उभं राहत होतं, तिथे हीच गोष्ट मिळणं कठीण होतं.

इथे प्रत्येकजण स्वतःचा घोडा, स्वतःचा नोकर आणि स्वतःची वंशावळ घेऊन आला होता. घोडा लंगडा निघाला तरी चालायचं, वंशावळ मात्र धडधाकट. ओनुफ्रीही खानदानीच, पण स्वतःचं शेत स्वतः नांगरणारा. त्याचे वडील नांगर धरतानाही कमरेला तलवार लटकवायचे, उगाच कुणी कूळ समजायला नको म्हणून. झोपडीतला खानदानी आणि महालातला खानदानी सारखेच, हा इकडचा जुना कायदा. ओनुफ्रीला तो लहानपणी फार आवडायचा. हवालदार झाल्यावर त्यातली मेख कळली. सगळेच बरोबरीचे, तर हुकूम कोण देणार आणि ऐकणार कोण?

सकाळी तो ओरडायचा, "घोडे पाण्यावर न्या."

की लगेच हिएरोनिम वोलोदको पुढे यायचा. पस्तिशीचा, पोट सुटलेला, जिल्ह्याच्या कोर्टातला वकील. त्याचा झगा गेला होता, पण जीभ तीच होती.

"बंधुराज स्तेत्स्की, हा हुकूम समजायचा की विनंती?"

"हुकूम."

"मग अडचण आहे. विनंती असती तर मी आनंदाने गेलो असतो."

"बरं, विनंती."

"विनंतीला नाही म्हणायचा हक्क असतो. तो मी वापरतो. माझा नोकर नेईल घोडा."

"नोकर लढायला येणार आहे का?"

"तो मुद्दा वेगळा. त्यावर उद्या बोलू."

बाकीचे खोखो हसायचे. ओनुफ्रीला वाटायचं, या माणसाचं मुंडकं त्याच पाण्यात बुडवावं. पण बुडवलं असतं तर दुसऱ्या दिवशी द्वंद्वाचं बोलावणं आलं असतं, आणि त्यातही वोलोदकोने आधी नियमांवर वाद घातला असता. कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचा फ्रेंच कप्तान खिडकीतून हे बघायचा आणि खांदे उडवून परत पत्ते खेळायला बसायचा.

सगळ्यात मोठा डोक्याला ताप होता तो पुलाचा. झाब्रोदा गावाजवळ श्चारा नदीवर लाकडी पूल होता, एका वेळी एकच घोडा जाईल एवढा. कवायतीचं मैदान पलीकडे, जुन्या पवनचक्कीच्या टेकडीखाली. म्हणजे रोज पूल ओलांडायचा, आणि रोज प्रश्न एकच, आधी कोण? सेवेरीन कोर्साक म्हणायचा, आमच्या पणजोबांनी राजाच्या डाव्या हाताला बसून जेवण केलंय. वोलोदको म्हणायचा, राजाला ते जेवण आमच्या पणजोबांनीच दिलं होतं. दोन्ही घरांत तीन पिढ्या एका कुरणावरून खटला चालू होता. घोडे पुलाच्या तोंडाशी अडकून एकमेकांना चावायचे, आणि कवायतीची वेळ निघून जायची.

शेवटी ओनुफ्रीने डोकं चालवलं. एके दिवशी सगळ्यांना उभं करून तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "बंधूंनो, तुम्ही नवे आहात, म्हणून सांगतो. गार्डात पुढे जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. पुढे कोणीही सोम्यागोम्या जातो. खरा मान शेवटी जाणाऱ्याचा. शत्रू पाठीवर असताना जो सगळ्यात शेवटी पूल ओलांडतो, त्याचं नाव स्पेनमध्ये अजून घेतात."

ही शुद्ध थाप होती. पण सगळे गंभीर झाले. त्या दिवशी कोर्साक टोपी काढून वोलोदकोला म्हणाला, "आधी आपण, बंधुराज." वोलोदको म्हणाला, "छे छे, आधी आपण." मग ओनुफ्रीला आणखी एक युक्ती करून चिठ्ठ्या टाकायची पद्धत सुरू करावी लागली. ज्याची चिठ्ठी निघेल तो पुढे, म्हणजे दोष नशिबाचा. कवायत वेळेवर व्हायला लागली. ओनुफ्री स्वतःवर खूश झाला.

१८१२चा ऑक्टोबर सरत आला. सम्राट मॉस्कोत की मॉस्कोबाहेर, कुणालाच नक्की सांगता येईना. कोसॅक, म्हणजे रशियाचे घोडेस्वार, जवळपास फिरत असल्याच्या बातम्या येत होत्या. ओनुफ्रीने टेकडीवर पवनचक्कीपाशी पहारा ठेवायचं ठरवलं, आणि पहिल्याच सकाळी पाळी नेमकी वोलोदकोची आली. आता हा दोन तास वाद घालणार, या विचारानेच ओनुफ्रीचं अवसान गळालं. त्याला घेऊन टेकडीवर पोचताच तो चक्कीच्या पायरीवर बसला.

"वोलोदको, मी थकलो," तो म्हणाला. "हुकूम म्हणा, विनंती म्हणा, काय वाटेल ते म्हणा. स्पेनमध्ये आमचा एक पहारेकरी होता, तुमच्यासारखाच हुशार. पाळी संपली की नाही यावर त्याने स्वतःच निकाल दिला आणि जेवायला निघून आला. माझे सहा मित्र तंबूत झोपेतच कापले गेले. तेव्हापासून मला वाद ऐकवत नाही. बास."

वोलोदकोने आपला भाला उचलून सरळ धरला.

"नेमकं काय करायचं, सांगा," तो म्हणाला.

"कोसॅक दिसले तर गोळी झाडायची. आणि मी स्वतः येऊन सांगेपर्यंत इथून हलायचं नाही."

ओनुफ्री प्रश्नाची वाट बघत होता. प्रश्न आला नाही.

"जी, हवालदारसाहेब," वोलोदको म्हणाला.

बंधुराज नाही, हवालदारसाहेब. ओनुफ्री टेकडी उतरला तेव्हा त्याला शीळ वाजवावीशी वाटत होती. एक तरी शिपाई तयार झाला. आता बाकीचेही होतील, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

मैदानावर धुकं विरत होतं आणि तुकडी नुकती रांगेत लागत होती, तेवढ्यात चक्कीवरून गोळीचा आवाज आला. पाठोपाठ दुसरी. टेकडीमागच्या रानातून कोसॅकांचे घोडे बाहेर पडताना दिसले, आणि ते थोडेथोडके नव्हते.

"पुलावर," ओनुफ्री ओरडला. "एकेक करून, पळा."

सगळे पुलाशी आले आणि थांबले.

"आधी आपण, बंधुराज," कोर्साक शेजाऱ्याला म्हणाला.

"मी? शत्रू पाठीवर असताना? मी काय सोम्यागोम्या आहे?"

"मग चिठ्ठ्या टाका."

"चिठ्ठ्या गावात राहिल्या."

"तर मग मी शेवटचा. सगळ्यांनी ऐकलंय, मी आधी म्हटलं."

शत्रू येतोय, पूल मोकळा आहे, आणि ही शहाणी माणसं टोप्या काढून एकमेकांना वाट देतायत. भित्री असती तर वाचली असती. यात त्यांचा दोष नव्हता. हे ओनुफ्रीनेच त्यांना शिकवलं होतं. आता ती थाप होती म्हणून सांगितलं असतं, तर त्यावर वाद झाला असता. त्याला त्यांचा इतका राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त, की पुढचे शब्द शोधावे लागले नाहीत.

"कसले खानदानी रे तुम्ही?" तो ओरडला. "कोर्साकाची आजी मीठ विकायची. त्याच्या शेजाऱ्याचा आजा धन्याची घोडी चोरून खानदानी झाला. आणि तुम्हा सगळ्यांच्या वंशावळी एकाच दारुड्या कारकुनाने बसून लिहिल्यात. मी पाहिलंय त्याला. ज्याच्यात खानदानी रक्त असेल त्याने यावं, जाब विचारायला."

एवढं बोलून त्याने घोड्याला टाच मारली आणि सगळ्यांच्या देखत पहिला पूल ओलांडला.

मग कोर्साकने किंकाळी फोडली आणि त्याच्यामागे सगळेच सुटले. पूल थरथरत होता, शिव्यांचा पाऊस पडत होता, आणि ओनुफ्री पलीकडच्या काठावर उभा राहून त्या शिव्या झेलत होता. यायला हवे होते ते सगळे येत होते. शेवटचा घोडा उतरताच गावातून धावत आलेल्या कप्तानाने फळ्या काढायला लावल्या आणि त्या नदीत वाहून गेल्या.

कोर्साक तलवार उपसून समोर आला. "माझी आजी काय विकायची?"

"काही नाही. राजघराण्यातली होती ती. मी खोटं बोललो," ओनुफ्री म्हणाला आणि माणसं मोजायला वळला.

तेव्हा त्याने टेकडीकडे पाहिलं. चक्कीपाशी वोलोदको घोड्यावर बसून होता, भाला सरळ उभा धरून. सकाळी सांगितलं होतं तिथेच.

ओनुफ्रीने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. "वोलोदको, खाली या. नदीत घाला घोडा. हुकूम आहे."

वोलोदकोने मान वळवून इकडे पाहिलं. हात वर करून सलाम केला. हलला नाही.

"ऐकू गेलं नसेल," ओनुफ्री म्हणाला.

"गेलं," कोर्साक हळूच म्हणाला. त्याने तलवार म्यान केली होती. "वकील आहे तो, तीन पिढ्या ओळखतो मी त्यांना. तुम्ही काय सांगून ठेवलं होतंत?"

"मी स्वतः येऊन सांगेपर्यंत."

"मग झालं तर."

कोसॅक टेकडीला वळसा घालत होते. कप्तान फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडला. ओनुफ्रीने लगाम गोळा केला आणि घोड्याला थेट पाण्याकडे वळवलं. पाणी काळं आणि गार होतं. घोडा कचरला, मग छातीपर्यंत आत शिरला.

"माझ्यामागे कुणीही यायचं नाही," ओनुफ्रीने मागे न बघता सांगितलं. "हा हुकूम आहे."

आता वोलोदकोसारखा एखादा तरी विचारील, हुकूम की विनंती. तो कान देऊन थांबला. पाणी मांड्यांपर्यंत चढलं, तरी थांबला.

काठावर कुणी काहीच बोललं नाही.