टोबीसाठी कद्दीश

दोन वर्षांतला हा तिसरा गोळीबार होता. पहिला उत्तरेकडच्या एका शहरात ज्यूंच्या सिनेगॉगच्या दारात झाला, तेव्हा सगळे म्हणाले, एखादा माथेफिरू असतो, इंग्लंडमध्ये काही हे रोजचं नाही. दुसऱ्यानंतर असं कुणी म्हणेनासं झालं. तिसरा एका लग्नाच्या हॉलवर झाला आणि त्यात शिमोन पेझारकरांचा मुलगा टोबी गेला. बायकोला, लीयाला, आणि मुलीला, ऑर्लीला, टेबलाशी बसवून तो गाडीत राहिलेलं प्रेझेंट आणायला बाहेर पडला आणि बंदूकवाला त्याला दारातच भेटला.

शिमोन मूळचे मुंबईचे, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. तरुणपणी लंडनच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरीला आले नि इथलेच झाले. सुतकाचे सात दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गोऱ्या बाईंनी लझानिया आणून दिला, ऑर्लीच्या शाळेने फुलं पाठवली. कौन्सिलने टाउन हॉलपुढे शोकसभा ठेवली. चौक माणसांनी फुलून गेला. खासदारबाईंनी शिमोनचे दोन्ही हात हातात घेतले.

"शब्द नाहीत, मिस्टर पेझारकर. आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत."

"त्याच्याकडे बंदूक आली कुठून?" शिमोननी विचारलं.

"चौकशी चालू आहे."

"मागच्या वेळचीही अजून चालूच आहे."

बाईंचे डोळे भरून आले. अगदी खरेखुरे. त्यांच्यावर चिडावं तर तेही जमेना.

पुढच्या शनिवारी सकाळी शिमोन ऑर्लीला घेऊन चालत प्रार्थनेला निघाले. लीया अंथरुणातून उठली नव्हती. टोबीसाठी कद्दीश म्हणायची होती. मेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही, दहा पुरुष जमावे लागतात. त्यांची जमात लहान, तरी दहाची कधी ददात पडली नव्हती. सिनेगॉगच्या दाराशी दोन पोलीस उभे होते, खांद्याला बंदुका. ऑर्लीने आजोबांचा हात घट्ट धरला आणि आपल्या मोडक्या मराठीत विचारलं,

"त्यांचा बंदूक चांगला आहे ना, आजोबा?"

"हो बाळा, चांगली आहे," शिमोन म्हणाले.

आत नऊ जण होते, शिमोन धरून. प्रार्थना चालवणारा योनी तिशीतला पोरगा. तो सारखा दाराकडे बघत होता. शब्बाथला, शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, फोन करायची सोय नाही. दार उघडलं, सगळे वळले. आत आले डॉक्टर गिरीश, शिमोनचे हॉस्पिटलातले जुने मित्र, थेट स्लाऊहून.

"किती झाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक कमी आहे."

"मग मला धर की! टोपी देतोस का?"

"तू चालत नाहीस रे, गिरीश. आमच्यातलाच लागतो."

"टोबीला मी खांद्यावर खेळवलाय, शिमोन."

शिमोननी मान खाली घातली. ऑर्ली बायकांच्या बाजूने उठून पुढे आली. "मी आहे ना! मी आमच्यातलाच आहे!"

योनीचा चेहरा पडला. "मुली नाही मोजत गं, आपल्याकडे," तो कसाबसा म्हणाला. ऑर्ली जाऊन गिरीशकाकांशेजारी बसली.

बराच वेळ वाट पाहिली. बाहेरून एका पोलिसाने डोकावून विचारलं, अजून कुणी यायचंय का? शेवटी योनीने कद्दीशचं पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं. शिमोन उभे राहिले होते, ते खाली बसले.

परतताना वाटेत सॅमसनचं घर लागलं. सॅमसन त्यांच्याच जमातीतला, एक शनिवार न चुकवणारा. तो खिडकीत होता. शिमोनना पाहिलं आणि मागे सरकला. गिरीश संतापले. "हा घरात बसलाय बघ!"

तेवढ्यात दार उघडून सॅमसनची बायको, फ्लोरा, स्लिपर्सवरच फाटकापर्यंत धावत आली.

"शिमोनभाऊ, ते कपडे करून बसले होते हो सकाळपासून. मीच दाराला कुलूप घातलं. मला शिव्या द्या, काय वाटेल ते बोला, पण मी त्यांना पुढच्या शनिवारीही सोडणार नाही."

फ्लोराच्या हातात अजून किल्ली होती. शिमोनना वाटलं, त्या दिवशी टोबीला कुणी असं कोंडून ठेवलं असतं तर आपण कोंडणाऱ्याचे पाय धरले असते.

"बरं केलंत, वहिनी," ते म्हणाले. "नका सोडू."

मग तिघं पुढे चालायला लागले. नाक्यावर गिरीशनी ऑर्लीचा दुसरा हात धरला.